तळे राखील तो

‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण बहुतेक वेळा टोमणा म्हणून वापरतो. तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती, तो थोडेफार आपल्या खिशात घालणारच, असा तिचा अर्थ रूढ झाला आहे. पण आमच्या गोंदिया जिल्ह्यात, जिथे गावोगावी तलाव आहेत, तिथे ही म्हण शब्दशः घेतली तर तिच्यातून वेगळाच अर्थ निघतो. जो तलाव राखतो त्यालाच त्याच्या पाण्याची खबर असते. पाळ कुठे पाझरते, पाणी कोणत्या वर्षी किती दिवस पुरते, कोणत्या बांधीपर्यंत पोचत नाही, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. आणि ज्याला हे ठाऊक आहे तोच पुढच्या उन्हाळ्यात तलाव थोडा अधिक चांगला करू शकतो.

हे आठवायचे कारण असे, की अलीकडे संस्थांविषयी बोलताना ‘नवकल्पना’ आणि ‘सातत्यपूर्ण सुधारणा’ हे शब्द फार कानावर पडतात. जपानी लोकांचा ‘कायझेन’ हा शब्दही त्यात असतो. मासाकी इमाई यांचे या नावाचे पुस्तक १९८६ साली निघाले आणि तो शब्द जगभरच्या कारखान्यांत पोचला. काम करणाऱ्याने आपल्याच कामात थोडी थोडी सुधारणा करीत राहायची, एवढा त्याचा गाभा. कल्पना उत्तम आहे. पण ती समजून घ्यायला जपानपर्यंत जायलाच हवे असे नाही. तीनशे वर्षांचा एक धडा आमच्या गावांच्या उशाशी पाळ होऊन पडला आहे. कल्पना कशी रुजते आणि सुधारत जाते हे त्यात आहे, आणि तिचे सुधारणे कसे थांबते हेही त्यातच आहे.

वैनगंगेच्या पूर्वेचा हा मुलूख पूर्वी गोंड राजांच्या अमलाखाली होता. पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांत पडून वाहून जाणारा. जमीन उताराची, जंगल दाट. चांद्याच्या राजांविषयी अशी परंपरा सांगतात की, जो जंगल तोडून गाव वसवील त्याला गावाची पाटीलकी मिळे, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळे. राजाने स्वतः तलाव खोदायला माणसे पाठवली नाहीत. ज्याने मेहनत केली त्याच्या पदरात फळ पडेल एवढीच व्यवस्था केली. आजच्या भाषेत याला कुणी धोरण म्हणेल. धोरण एका ओळीचे होते, म्हणूनच कदाचित टिकले.

ही संधी ज्यांनी घेतली त्यांत कोहळी समाज आघाडीवर होता. धान आणि ऊस पिकवणारे हे लोक तलाव बांधण्यात इतके वाकबगार होते की रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात कोहळींच्या या कसबाची मुद्दाम दखल घेतली. नवेगावबांधचा तलाव हे त्यांचे सर्वांत मोठे काम. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे मानतात. भोवताली डोंगर, त्या डोंगरांमधल्या खिंडी तेवढ्या बांधाने बुजवल्या आणि सुमारे पाच चौरस मैलांचे पाणी उभे राहिले. हातात दुर्बीण नाही, नकाशा नाही. पुढे लोकांनी या कोलू पाटलांना कोलासूर म्हणून देवपण दिले, आणि भोवतालच्या सात डोंगरांना सात बहिणी म्हटले. त्या बहिणींनीच भावाला बांध घालायला मदत केली, अशी कथा आहे.

देव केला की माणसाचे शिकणे झाकले जाते, हा मात्र अशा कथांचा एक तोटा. कोलू पाटलांना पहिल्याच वेळी सारे साधले असेल असे मला वाटत नाही. त्यांच्या आधी कितीतरी लहान बोड्या आणि तलाव झाले असतील, फुटले असतील. एवढ्या मोठ्या पाण्याला हात घालण्याचे धाडस त्या फुटलेल्या पाळींवर उभे राहूनच आले असणार.

तलावाचे अंग पाहिले की हे पटते. मुख्य पाळ मातीची. मातीची पाळ एका गोष्टीला भिते, ती म्हणजे पाणी तिच्यावरून वाहणे. एकदा का पाणी वरून गेले की तासाभरात भगदाड पडते. म्हणून जादा पाणी जायला एका अंगाला, घट्ट मुरूम किंवा खडक पाहून, मोकळी वाट ठेवायची. तिला आमच्याकडे सलंग म्हणतात. सलंग उंच ठेवली तर पाळ धोक्यात, खाली ठेवली तर पाणी कमी साठते. नेमकी उंची किती, हे दर वर्षीच्या पुराने शिकवले. शेताला पाणी सोडायची जागा म्हणजे तुडुम. त्याला एकाखाली एक भोके आणि भोकांना लाकडी बुचे. पाणी जसे उतरेल तसे खालचे बूच काढायचे, म्हणजे दाब बेताचा राहतो आणि नहरेत पाणी सावकाश जाते. वरच्या तलावाच्या सलंगीतून निघालेले पाणी खालच्या गावाच्या तलावात जाईल, अशा तलावांच्या माळा कितीतरी ठिकाणी आहेत. एका गावाचे वाया गेलेले पाणी दुसऱ्या गावाचा साठा होतो. ही युक्ती एका माणसाला एका दिवसात सुचलेली नसते. दोन गावे भांडली असतील, समेटही झाला असेल, आणि तो समेट मातीत बांधून ठेवला गेला.

पण तलाव म्हणजे नुसती पाळ नव्हे. पाळीमागे एक संस्था होती. तिला नाव नव्हते, नोंदणी क्रमांक नव्हता, पण कामे ठरलेली होती. उन्हाळ्यात पाणी उतरले की गावाने पाळीवर माती टाकायची, तलावाच्या पोटातला गाळ शेतात न्यायचा. पावसात पाळीवर नजर ठेवायची. धान निसवण्याच्या वेळी, म्हणजे हस्ताच्या आगेमागे पावसाने दगा दिला की तुडुम उघडायचे. पाणी वाटणारा माणूस वेगळा. त्याला मोबदला सुगीत धानाच्या रूपाने. तलावातली मासळी आणि शिंगाडे ढिवरांच्या हाती. त्यामुळे तलावाच्या तळाशी काय चालले आहे हे ढिवराला ठाऊक, आणि पाळीला काय झाले आहे हे शेतकऱ्याला. दोघांचेही पोट त्याच पाण्यावर. पाळीला उंदराने बीळ पाडले तर ते बुजवण्यासाठी अर्ज करावा लागत नसे. पाहणारा, ठरवणारा आणि टोपली उचलणारा हे एकाच गावात होते, आणि चुकीचा भुर्दंडही त्यांनाच त्याच हंगामात बसे. सुधारणा होत राहण्याचे खरे कारण हेच होते असे मला वाटते.

आता कुणी म्हणेल, मास्तर जुन्या काळाचे गोडवे गाऊ लागले. तसे नाही. या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी १८५४ साली खालसा केले, आणि १८६० च्या दशकातल्या जमीनबंदोबस्तात मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. तलाव मालगुजाराचा झाला. चांगला मालगुजार असला तर तलाव भरलेला राही, पण गावकऱ्याला त्याच्या शेतावर वेठबिगारही करावी लागे. पाळीवर माती टाकणाऱ्या हातांना पाळीविषयी बोलायचा अधिकार कितपत होता, हा प्रश्नच आहे. ज्ञान सगळ्यांचे, शब्द मात्र एकाचा. ढिवरांचे, मजुरांचे, बायकांचे म्हणणे ऐकायची जागा त्या संस्थेत नव्हती. ही उणीव लक्षात ठेवा, कारण पुढे तिचाच संबंध येणार आहे.

इंग्रजी राजवटीने या तलावांकडे लक्ष दिले ते दुष्काळ पडल्यावर. १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला. १९०१ ते १९०३ या काळात सिंचन आयोग बसला. मग सरकारनेही तलाव बांधले. तिरोडा तालुक्यातले बोदलकसा आणि चोरखमारा हे विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतले. बंदोबस्ताच्या कागदांत, ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दप्तरात, गावच्या चालीरीतीही लिहिल्या गेल्या. कुणाला कशाचा हक्क, हे त्यामुळे टिकले.

स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क संपले आणि तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी तलाव’ असे लांबलचक नाव त्यांना पडले, आणि त्याचेच पुढे ‘मामा तलाव’ झाले. नाव मामाचे, पण भाच्यांचा लाड करायला मामा उरला नव्हता! मालगुजारी जाणे न्यायाचेच होते, त्याविषयी दुमत नको. पण कायद्याने मालकी कुणाकडे जाईल ते ठरवले. दर उन्हाळ्यात पाळीवर माती कोण टाकील, हे कुणी ठरवले नाही.

१९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. शंभर हेक्टरांपर्यंत भिजवणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. पाणी हा आमचा पूर्वापार निस्तार हक्क, त्याची पट्टी कसली, असे गावकरी म्हणू लागले. पट्टी नाही तर दुरुस्तीला पैसा कुठून, असे सरकार म्हणू लागले. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघांच्या मधे तलाव गाळाने भरत गेला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. एवढ्या तलावांची बिळे कोणत्या कार्यालयातून दिसणार? अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा, काम, देयक. ही साखळी एखादे काम पार पाडते, पण त्या कामातून काही शिकत नाही. पाळ का खचली हे गावातल्या ज्या म्हाताऱ्याला ठाऊक, त्याची सही कोणत्याच कागदावर लागत नाही. कंत्राटदार पुढच्या पावसात तिथे नसतो. अधिकाऱ्याची बदली झालेली असते. मी उभा जन्म शाळेत काढला. तिथेही दर दोन वर्षांनी नवा उपक्रम येई, आणि आधीचा का थंडावला हे विचारायला कुणाला सवड नसे. नवी कल्पना आणणे सोपे असते. जुन्या कल्पनेचे काय झाले हे बसून पाहणे अवघड.

याच काळात तलावात एक नवी कल्पनाही आली, आणि तिची हकीकत बोलकी आहे. मच्छीमारांच्या सहकारी संस्था निघाल्या, तलाव ठेक्याने मिळू लागले, आणि मत्स्यबीज सोडायची पद्धत आली. आधी रोहू, कतला, मृगळ, मग गवत्या, चंदेरा आणि सायप्रिनस हे परदेशी मासे. मासा झपाट्याने वाढतो, वजन भरते, पैसा मिळतो. सुधारणाच ती. पण गवत्या पाणवनस्पती खातो, सायप्रिनस तळ उकरतो. ज्या वनस्पतींच्या आडोशाला गावचे मासे अंडी घालत, त्या कमी झाल्या. तिकडे पाण्याच्या कडेने बेशरम माजली. गुरे तिला तोंड लावत नाहीत, उपटली तरी पुन्हा फुटते. दर वर्षी बीज विकत घ्यायचे, आणि तरी मासळीची खात्री नाही, अशी अवस्था पुष्कळ ठिकाणी आली. कल्पना वाईट होती असे मी म्हणणार नाही. पण तिची आपल्या तलावात परीक्षा कुणी घेतली नव्हती, आणि परीक्षा घेणाऱ्याला ती बदलायची मोकळीकही नव्हती.

ही मोकळीक ज्यांनी परत मिळवली त्यांची गोष्ट अर्जुनी मोरगाव तालुक्यातली आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था तिथे काम करते. मनीष राजनकर आणि ढिवर समाजातले पतीराम तुमसरे ही त्यातली दोन नावे. त्यांनी सुरुवात केली ती विचारण्यापासून. कोणत्या तलावात कोणता मासा होता, तो कोणत्या वनस्पतीपाशी राही, ती वनस्पती कोणत्या मातीत वाढते, हे जुन्या ढिवरांकडून ऐकून उतरवून घेतले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या माणसांकडे केवढे शास्त्र होते! मग एका तलावात करून पाहिले. बेशरम काढली, उन्हाळ्यात कोरडा पडलेला तळ नांगरला, आणि पाऊस पडताच गावच्या पाणवनस्पती धान रोवतात तशा रोवल्या. पुढे काय होते ते पाहिले. गावठी मासे परतू लागले, पक्षीही येऊ लागले, तेव्हा दुसऱ्या तलावाकडे, दुसऱ्या संस्थेकडे गेले.

या कामात आणखी एक पाऊल पडले, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. तलावाच्या जुन्या व्यवस्थेत बायकांचे म्हणणे कुठेच नव्हते. मच्छीमार संस्थांच्या बैठकांतही त्या क्वचितच असत. निमगावच्या शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर समाजातल्या बाई पुढे आल्या, बायका संघटित झाल्या, रोजगार हमीतून तलावाची कामे मागू लागल्या. बेशरम उपटणाऱ्या आणि रोप लावणाऱ्या हातांना आता बैठकीत शब्दही मिळाला. मालगुजारीच्या काळात जी उणीव होती ती इथे भरून निघू लागली. जुने जसेच्या तसे परत आणले असते तर हे झाले नसते. जुन्यातले ज्ञान घेतले, जुन्यातला अन्याय सोडला. माझ्या मते खरी सुधारणा ती ही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीला २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पाणी, कुरण, जंगल अशा सामाईक गोष्टी लोक स्वतः कशा सांभाळतात, याचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला. नेपाळमध्ये त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की शेतकऱ्यांनी स्वतः सांभाळलेले साधे मातीचे पाट बऱ्याच वेळा सरकारने बांधलेल्या पक्क्या कालव्यांपेक्षा चांगले चालतात, शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचवतात. कारण नियम वापरणाऱ्यांनीच केलेले, लक्ष ठेवणारेही तेच, आणि नियम बोचू लागला तर बदलणारेही तेच. हे वाचले तेव्हा आमच्या पाळीवरची माती मला त्यात दिसली.

आज तलावांकडे पुन्हा लक्ष गेले आहे. २०१४ पासून जलयुक्त शिवारच्या निमित्ताने आणि नंतरच्या गाळ काढण्याच्या योजनांतून यंत्रे तलावात उतरली. पैसा येतो आहे, हे चांगलेच. पण यंत्र चालवणाऱ्याला घनमीटर मोजायचे असतात. तो सगळीकडे सारखे खोल करतो. तलावाची कडा मात्र उथळच हवी असते. वनस्पती तिथेच रुजतात, मासे तिथेच अंडी घालतात, पाखरे तिथेच चरतात. आणि तळाचा चिकण थर फोडला तर पाणी मुरून जाते. कुठे किती खोदायचे हे सांगणारी माणसे गावात अजून आहेत. त्यांतली बरीचशी माझ्या वयाची किंवा माझ्याहून मोठी आहेत. म्हणून घाई आहे. गाळ पुढच्या वर्षीही काढता येईल. ही माणसे दर वर्षी कमी होत आहेत.

मास्तराला दुसरे काय सुचणार? एक वही. प्रत्येक मामा तलावाची एक वही ग्रामपंचायतीत असावी. वर्षातून तीनदा तिच्यात लिहावे. पावसाळ्यानंतर: पाणी कुठवर चढले, पाळ कुठे पाझरली. धान निघाल्यावर: शेवटच्या बांधीला पाणी पोचले का, नाही तर का नाही. उन्हाळ्यात: मासळी कोणती निघाली, काय दुरुस्त केले, आणि मागच्या वर्षी केलेली दुरुस्ती टिकली का. लिहायला सातवी-आठवीतली मुले बसवावीत, आणि सांगायला शेतकरी, ढिवर आणि बेशरम उपटणाऱ्या बाया. नवा ग्रामसेवक आला, नवा अभियंता आला, तर त्याने कामाला हात लावण्याआधी ती वही वाचावी. खर्च वीस-तीस रुपये. येत्या जेठात पाणी तळाला जाईल तेव्हा पहिले पान लिहायला हरकत नाही.